आठ खाचांची काडी

नत्थुजींनी काडी टाकीतून वर ओढली, सकाळच्या उजेडाकडे धरली आणि बायकोच्या नाकापुढे आणली.

"पाय. किती खाचा ओल्या हायेत?"

दुर्गाबाईनं मोजल्या. "चार."

"पाच चोक वीस. अकोला इथून एकशे चाळीस किलोमीटर. गाडी लिटरले दहा देते. चौदा लागन, सहा उरन. तुह्या लेकानं इचारलं तं सांगजो, बाबानं माह्यासमोर काडी घातली म्हणून."

"सांगीन," ती म्हणाली.

चौतीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला साक्षीदार लागावा, याचं दुर्गाबाईला वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली भीती होती, आणि ती भीती गेले आठ दिवस तिला घास गिळू देत नव्हती.

गाडी म्हणजे मॅटाडोर. तिचा मूळ रंग निळा होता की हिरवा, यावर नवराबायकोचं आजही एकमत नाही. गाव तिवस्यापासून सात किलोमीटर आत. एसटी आली तर आली, म्हणून गावातल्या अकरा पोरींना शाळेत नेण्या-आणण्याचं काम बारा वर्षांपासून नत्थुजींकडे होतं. डॅशबोर्डावरचा डिझेलचा काटा वीसेक वर्षांपूर्वी झोपला, तो उठलाच नाही. त्यावर नत्थुजींनी आपला इलाज काढला होता. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक सरळ वाळकी काडी घ्यायची. तिच्यावर आठ खाचा, खाचेला पाच लिटर. सीटखालच्या टाकीचं झाकण उघडायचं, काडी उभी सोडायची आणि ओल किती खाचांवर आली ते अंगठ्याच्या नखानं मोजायचं. दोन खाचा उरल्या की एक-दोन दिवसांत पंपावर जायचं. वीस वर्षांत गाडी एकदाही उपाशी राहिली नव्हती.

आणि या अडीच महिन्यांत दोनदा राहिली. पहिल्यांदा भाद्रपदात, वावराच्या वाटेवर, गाडीत कुणी नसताना. त्याचं हसू झालं आणि विसरलंही गेलं. दुसऱ्यांदा आठ दिवसांपूर्वी, अकरा पोरींसकट, नागपूरचा हायवे ओलांडताना बरोबर मधोमध. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. गाडीचं मागचं दार आणि ट्रकचं तोंड यांत हातभर जागा उरली होती, असं पोरींनी घरोघर सांगितलं, आणि दहा घरं फिरेपर्यंत त्या हाताची वीत झाली. टाकी कोरडी ठणठणीत होती. नत्थुजी मात्र एकच सांगत होते, "सकाळी काडीवर सात-आठ लिटर होतं. मी सोता पाह्यलं."

पियुष, त्यांचा एकुलता एक मुलगा, अमरावतीला कॉलेजात लॅब असिस्टंट. तो त्याच संध्याकाळी आला. आवाज न चढवता बोलला, म्हणून जास्त लागलं. "बाबा, काडी घालायचं तुमी विसरून राह्यले. अन् घातली असं तुमाले वाटते. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरकडे नंबर लावला हाय. शनवारपासून चाबी माह्याकडे राहीन."

खरं सांगायचं तर दुर्गाबाईच्या मनातही तेच होतं. मागच्या महिन्यात नत्थुजींनी चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधला होता. शेजारच्या सत्यभामेला तिच्या सासूच्या नावानं हाक मारली होती. एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. आता ती एकेक गोष्ट मनात टिपून ठेवत होती आणि टिपलेलं कुणाला सांगत नव्हती. गाडी गेली की नत्थुजी ओट्यावर बसणार, हे तिला दिसत होतं. ओट्यावर बसवलेली म्हातारी माणसं तिनं गावात पाहिली होती. वर्षभरात ती स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखी वागू लागतात.

म्हणून काटा दुरुस्त करायची टूम तिचीच. माणूस विसरला तरी काटा विसरणार नाही, असा तिचा हिशोब. जुन्या मॅटाडोरचं सामान आता अमरावतीत मिळत नव्हतं. अकोल्याच्या जुन्या शहरात मनोज मिस्त्रीकडे मिळेल असा पत्ता लागला. मिस्त्री फोनवर म्हणाला, "टाकी खोलावी लागन, काकू. डिझेल कमीच घेऊन या." पियुषनंही होकार दिला. "करून घ्या काटा. उद्या दुसरा कोणी डायव्हर ठेवला तं त्याले कामी येईन." दुसरा डायव्हर हे शब्द नत्थुजींनी ऐकले आणि न ऐकल्यासारखं केलं.

अमरावतीत राजापेठेला पियुष चढला. मागच्या बाकावर बसता बसताच त्यानं विचारलं, "डिझेल?"

"वीस," नत्थुजी म्हणाले.

"मी पाह्यलं," दुर्गाबाई घाईनं म्हणाली. "माह्यासमोर काडी घातली."

पियुषनं मान हलवली. त्या मान हलवण्यात विश्वास किती आणि आईचं मन राखणं किती, हे तिला कळलं नाही. बडनेरा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, दोन्ही अंगाला फुटलेल्या कपाशीत बाया वेचणीला वाकलेल्या दिसू लागल्या. दुर्गाबाईचा जीव मात्र इंजिनाच्या आवाजात अडकला होता. किलोमीटरचा दगड आला की मनात दहानं भागायचं आणि विसातून वजा करायचं. शाळा चौथीत सुटली होती, पण आज तिची वजाबाकी एकदाही चुकली नाही.

काडी तिच्या पायाशी लोळत होती. काळी, तेलकट, जुनी दिसणारी. ती जुनी नव्हती, हे एकट्या दुर्गाबाईला ठाऊक होतं.

झालं होतं असं. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या उचलून, घरातली रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणत गावाबाहेर टाकून येतात. यंदा तिनं दारामागच्या कोपऱ्यातून फांद्यांची मोळी उचलली, तशी तिथं टेकवलेली नत्थुजींची काडीही त्यात गेली. ध्यानात आलं तेव्हा ती परत धावली, तर शिवेवरचा ढीग कुणीतरी पेटवून दिला होता. नत्थुजी मारकुटे नव्हते की शिवराळ नव्हते, पण एक पाना हरवला तर तीन दिवस पुटपुटत. कशाला उगाच, असं म्हणून तिनं वावरातून तेवढ्याच लांबीची पऱ्हाटी आणली आणि खाचा पाडल्या. जुन्या काडीवरच्या खाचा तिला कधी आवडल्याच नव्हत्या. एक इथं, एक तिथं. खाली दूरदूर, वर दाटीवाटीनं. पुरुषाच्या हाताला मोज कसली, असं तिला नेहमी वाटे. दुर्गाबाईच्या शंकरपाळ्यासुद्धा एका मापाच्या असत. तिनं सुतळी काडीएवढी घेतली, अर्धी दुमडली, पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. आठ सारखे भाग. विळीच्या टोकानं आठ खाचा पाडल्या, काडी गाडीच्या जळक्या तेलात बुडवून काळी केली आणि दारामागे ठेवून दिली. नत्थुजींनी दुसऱ्या दिवशी ती उचलली, टाकीत घातली, आणि काही बोलले नाहीत. तिथं तो विषय संपला होता.

आताही ती त्याबद्दल काळजी करत नव्हती. काडी तिच्या मते आधीपेक्षा चांगलीच झाली होती.

मूर्तिजापूर गेलं. बोरगाव मंजू गेलं. पियुषनं मोबाईल खिशात ठेवला आणि दुर्गाबाईनं पहिल्यांदा पाठ टेकली. तेवढ्यात गाडी खाकरली. एकदा खाकरली, सावरली, पुन्हा खाकरली. नत्थुजींनी पायानं ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबून पाहिला, गाडी डावीकडे घेतली, आणि कडुलिंबाखाली पोचता पोचता इंजिन बंद पडलं.

पियुष पुढे वाकला.

"किती होतं म्हणाले, बाबा?" पियुषनं विचारलं.

"वीस."

"सव्वाशे किलोमीटर आलो. साडेबारा जळलं असन. साडेसात लिटर कुठी गेलं?"

नत्थुजी उतरले, गुडघे टेकून गाडीखाली वाकले, टाकीवर बोटं फिरवून हुंगली. टाकी बाहेरून कोरडी होती. गळती असती तर किती बरं झालं असतं, असं दुर्गाबाईला वाटून गेलं.

"मी मोजल्या होत्या," ती म्हणाली. "चार खाचा ओल्या होत्या."

"आई, तू त्यायचीच बाजू घेशीन. बाबानं चार म्हटलं, तुले चार दिसल्या."

मागच्या बाकाखाली, पोत्याआड, पाच लिटरचा भरलेला कॅन होता. हायवेच्या त्या प्रसंगानंतर तिनंच तो गुपचूप ठेवला होता. आता तो बाहेर काढावा लागला. नत्थुजींनी एकदा कॅनकडे पाहिलं आणि एकदा तिच्याकडे. तुलेही भरोसा नव्हता तर, असं ते म्हणाले असते तरी परवडलं असतं.

डिझेलची गाडी कोरडी पडली की नुसतं ओतून भागत नाही, नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. नत्थुजींनी डोळ्यांनी न पाहताच पाना लावला, बोल्ट ढिला केला, दुसऱ्या हातानं पंप दाबत राहिले, फेस संपून नितळ धार आली तशी पुन्हा आवळला. चार मिनिटांत गाडी सुरू. दुर्गाबाई त्यांच्या हातांकडे पाहत होती. हे हात काही विसरले नव्हते. पियुषनंही पाहिलं, पण तो दुसरीकडे बघू लागला.

मनोज मिस्त्रीचं गॅरेज मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या एका बोळीत. गाडी आत घ्यायला आरसे दुमडावे लागले. मिस्त्री पन्नाशीचा, बोलका. त्याच्या वडिलांनी मॅटाडोरचे सुटे भाग ट्रंकेत भरून ठेवले होते, आणि ती ट्रंक भंगारात द्यावी की देवघरात ठेवावी हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.

"पह्यले पाहू, मेलं कोण हाय," तो म्हणाला. "काटा, तार का टाकीतला फ्लोट." फ्लोट म्हणजे टाकीत तरंगणारा एक पितळी डबा. डिझेलबरोबर तो वर-खाली होतो आणि त्याच्या दांडीवर काटा हलतो. मिस्त्रीनं टाकीवरची तार काढली, चाबी फिरवली आणि तारेचं टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवलं. डॅशबोर्डावर वीस वर्षं झोपलेला काटा ताडकन उठून दुसऱ्या टोकाला गेला.

"काटा जित्ता हाय. तार बी बरी हाय. फ्लोट गेला."

पाच स्क्रू काढून त्यानं फ्लोट बाहेर ओढला आणि दुर्गाबाईच्या कानाशी हलवला. आत डुबुक डुबुक वाजलं. पितळेला बारीक भोक पडून डबा डिझेलनं भरला होता. तो तरंगणार कसा. ट्रंकेतून नवा निघाला, दांडी थोडी वाकवून टाकीच्या खोलीला बसवला, नवी पॅकिंग लावली. चाबी फिरवली. काटा ढिम्म.

पियुषनं सुस्कारा टाकला.

मिस्त्रीनं टाकीच्या पट्ट्यांवरून नख फिरवलं. "टाकीले रंग कोणं मारला?"

"मी," नत्थुजी म्हणाले. "दसऱ्याच्या पूजेले. दोन हात मारले."

"तेच तं. पट्टीखालून बी मारला. टाकीले अर्थिंग भेटून नाई राह्यली, करंट परत कुठून जाईन?"

त्यानं पट्टीखालचा रंग खरवडला, एक जाडी तार टाकीपासून चेसिसला जोडली. यावेळी काटा हलला. पियुष हळूच आईला म्हणाला, "पाह्यलं? असंच होते. करायले जातात एक." नत्थुजींनी ते ऐकलं. चुकीच्या बाजूला आणखी एक खाच पडली, असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

"आता माप लावू," मिस्त्री म्हणाला. "उरलेलं काढून पह्यले टाकी रिकामी करतो. पाच-पाचचा कॅन टाकतो, काटा कुठी येते ते पाहू."

पहिला कॅन ओतला. काटा तळाच्या रेघेवरून जेमतेम उठला. मिस्त्री खूश झाला. नत्थुजींनी न राहवून काडी घेतली, टाकीत उभी सोडली, वर काढली आणि नखानं मोजली. मग पुन्हा मोजली.

"दहा हाय," ते म्हणाले.

"काका, पाच टाकलं. तुमच्यासमोर."

"काडीवर दोन खाचा हायेत."

पियुषनं काडी घेतली. ओल दुसऱ्या खाचेला टेकली होती. त्यानं काडी आईपुढे धरली. तिनं ओल पाहिली, मग टाकीकडे पाहिलं.

टाकी रिकामी करताना झाकणातून तिनं आत डोकावलं होतं. टाकी खाली निमुळती होती, गव्हाणीसारखी. तळाशी थोडंसंच डिझेल खूप उंच चढत होतं. म्हणून जुन्या काडीवरच्या खाचा खाली दूरदूर होत्या आणि वर जवळजवळ. ती मोज नसलेल्या हाताची वेडीवाकडी खाच नव्हती. वीस वर्षांपूर्वी पाच-पाच लिटर ओतून, प्रत्येक वेळी काडी घालून, जिथं ओल आली तिथंच त्यांनी ती पाडली होती. आणि तिनं सुतळी दुमडून सगळं सारखं केलं. तिच्या सारख्या खाचांनी पाचाला दहा म्हटलं, साडेबाराला वीस म्हटलं, आणि अकरा पोरी हायवेच्या मधोमध नेऊन उभ्या केल्या.

सत्यभामेची नात खिडकीशी बसते. ट्रक त्याच बाजूनं आला होता.

कुणाला कळणार नव्हतं. काटा दुरुस्त झाला होता, काडीचं काम संपलं होतं. ती इथंच बोळीत टाकून दिली असती तर तिच्याबरोबर सगळंच गेलं असतं. पोरींच्या आया तिच्या दारात उद्याही तशाच आल्या असत्या, विरजण मागायला, बसायला.

"म्हणजे काडीच खोटी," मिस्त्री सहज म्हणाला.

"काडी खोटी नाई," नत्थुजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान तिनं कधी ऐकला नव्हता. "काडी मी केली. खाचा मी पाडल्या. वीस साल बरोबर चालली. आता मलेच मोजता येऊन नाई राह्यलं." त्यांनी गाडीतून चाबी काढली आणि पियुषपुढे धरली. "घे. तू म्हणत होता तेच खरं. सोमवारी जाऊ डॉक्टरकडे. पोरी हायेत गाडीत, खेळ नाई तो."

पियुषला चाबी हवी होती, पण अशी नाही, हे त्याच्या तोंडावर दिसलं. तरी त्यानं ती घेतली.

"ते काडी त्यायची नाई," दुर्गाबाई म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"माही हाय. त्यायची काडी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या फांद्यांसंगं गेली, जळली. मी नवी केली. खाचा मी पाडल्या. सुतळी दुमडून, सारख्या." मग एकदा सुरू झालेलं थांबेना. जुन्या खाचा आपल्याला कशा वेड्यावाकड्या वाटल्या, आपण तेलात बुडवून काडी जुनी कशी केली, वावराच्या वाटेवर गाडी थांबली तेव्हाही डोक्यात कसं आलं नाही, सगळं तिनं सांगितलं. "त्यायनं दरवेळी काडी घातली. दरवेळी बरोबर मोजलं. काडीच खोटी होती, अन् ते मी केली."

बोळीतून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. पियुष खाली बसला, चाकावर हात ठेवून. लॅबमध्ये मुलांना मापाच्या नळ्या हाताळायला शिकवणारा माणूस. मोजणाऱ्याला तपासायच्या आधी माप तपासावं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आठ दिवस झाले," तो आईला म्हणाला. "मी बाबाले काय काय बोललो. तू ऐकून राह्यली होती."

"मलेही तसंच वाटत होतं," ती म्हणाली. हे कबूल करणं काडीपेक्षा जड गेलं.

त्यानं चाबी बापाच्या सदऱ्याच्या खिशात परत घातली. मग मोबाईल काढला. "नंबर रद्द करतो."

"राहू दे," नत्थुजी म्हणाले. "तुह्या मायले दाखवून आणू. सुतळीनं टाकी मोजते ते."

मिस्त्री मोकळेपणानं हसला. दुर्गाबाईला हसू आलं नाही. ती मनात घरं मोजत होती. सत्यभामा, बेबीताई, पार्बताबाई, शकुन... अकरा घरं. उद्या सकाळी प्रत्येक दारात तिला हेच पुन्हा सांगावं लागणार होतं, आणि प्रत्येक दारात आई उभी असणार होती. कुणी तिला पाणी विचारेल, कुणी विचारणार नाही. पण नत्थुजींचं नाव त्यातून बाहेर काढायचं तर ते तिलाच करावं लागणार होतं.

"काटा तं आला," मिस्त्री म्हणाला. "पण जुन्या गाडीचा काटा हाय, काका. काडी राहू द्या संगं. हेच काडी उलटी करा, पाठीवर नव्या खाचा पाडा. मी कॅन टाकतो."

नत्थुजींनी त्याच्याकडून चाकू मागून घेतला आणि तो दुर्गाबाईच्या हातात दिला. "तूच पाड. मले बारीक दिसत नाई."

मिस्त्रीनं पहिल्या पाच लिटरची ओल दाखवली, तिनं खाच पाडली. दुसरा कॅन. दुसरी खाच पहिलीपेक्षा जवळ आली. तिसरी त्याहून जवळ. काडी तिच्या हातात पुन्हा वेडीवाकडी होत होती आणि प्रत्येक खाच खरी होती. पियुष बोळीच्या तोंडाशी चहा सांगायला गेला, मिस्त्री पुढचा कॅन भरायला मागे वळला, तेव्हा नत्थुजी तिच्या बाजूला उकिडवे बसले.

"मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं," ते हळूच म्हणाले. "खाचा माह्या नव्हत्या. नखाले लागत होत्या येगळ्या."

तिचा चाकू थांबला. "मंग बोलले कावून नाई?"

"काय बोलू? काडीले तुह्याशिवाय घरात कोणी हात लावत नाई. अन् तू काही केलं असतं तं मले सांगितलं असतं. म्हणून म्हटलं, काडी तेच असन. आपल्यालेच आठोत नसन. तवापासून भेव वाटत होतं. रातच्याले मनात एकेकाचं नाव घेऊन पाहो. पोरींचे, तुह्यं, पियुषचं. हायेत का नाई डोक्यात म्हणून."

पोळ्यापासून आज अडीच महिने झाले होते. एवढे दिवस ती शेजारच्या खाटेवर झोपत होती, आणि त्यांचं विसरणं मोजत होती.

मिस्त्रीनं चौथा कॅन ओतला आणि काडी वर काढून तिच्यापुढे धरली. दुर्गाबाईनं चाकू टेकवला, पण तिला ओल कुठवर आली ते दिसेना. नत्थुजींनी काडी हातात घेतली, अंगठ्याचं नख खालून वर नेत ओलीच्या कडेला आणलं आणि तिथं रोवून धरलं. मग तिनं त्या नखाला लागून चौथी खाच पाडली.